बगळ्याचा रविवार

गल्लीत घड्याळजीला सगळे बगळा म्हणत. आठवड्याचे सहा दिवस तो डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांत डोकं घालून बसे. रविवारी मात्र नदी समुद्राला मिळते तिथे गुडघाभर पाण्यात, गळाची काठी धरून उभा. लाटा पायांवर आपटत, तळव्याखालची वाळू सरकत राही, आणि तर्जनीवर टेकवलेला दोरा तळातली बित्तंबातमी देई. गळाला लाट ओढतेय, खेकडा आमिष कुरतडतोय, की खरंच मासा लागलाय. त्या एका हिसक्यापायी त्याने तीस वर्षांचे रविवार दिले होते. बायकोचेही, तिला न विचारता.

"मीही येऊ का हो?" लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं.

"तिथे तुझं काय काम? मासे बिचकतील."

तिची आई गेली त्या दिवशीही तो दुपारी परतला आणि मासा ओट्यावर टाकून म्हणाला, "ताजा आहे, लगेच साफ कर." तिने केला. खवले काढताना तिचं नाक सारखं वाहत होतं, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं.

साठी उलटली आणि झटका आला. उजवं अंग गेलं. वाचेत एकच शब्द शिल्लक राहिला: हो. पाणी हवं? हो. नको? हो. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, प्रश्न विचारत राहा.

चार महिन्यांनी तिने त्याला चाकाच्या खुर्चीतून किनाऱ्यावर नेलं. काठीही घेतली. ती चपला काढून पाण्यात उतरली, तो डाव्या हाताने खुणा करत राहिला. गाठ थुंकीने ओली करून आवळ. दोऱ्यावर बोट ठेव. आता ढील दे. तासाभराने काठी कमानीसारखी वाकली. मासा वाळूवर आला तेव्हा ती खदखदून हसली. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती अशी हसली नव्हती. घड्याळजीच्या डोळ्यांत पाणी आलं. काठी कुणाच्या का हातात असेना, रविवार तर परत मिळाला.

पुढच्या रविवारी उजाडायच्या आत तो तयार. डाव्या हाताने दाढी केलेली, दोन ठिकाणी कापलेलं, मांडीवर टोपी. ती खांद्यावर काठी टाकून आली आणि खुर्चीला वळसा घालून दाराशी गेली.

"वाळूत चाकं रुततात हो तुमची. मी एकटीच जाऊ ना?"

"हो." त्याने मान जोरजोरात आडवी हलवली, खुर्चीवर मूठ आपटली. "हो! हो! हो!"

"अगं बाई, केवढा आग्रह!" तिने त्याच्या मांडीवरची टोपी उचलली. "ही नेऊ? ऊन लागतं."

"हो."

"बघा. मी निदान विचारते तरी."

दुपारी ती आली. केसांत वाळू, गाल उन्हाने लाल. तिने त्याच्या मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर मासा ठेवला आणि डाव्या हातात सुरी दिली.

"ताजा आहे. सावकाश करा, एका हाताने होतं सगळं."

ती आत अंघोळीला गेली. सुरी लागली की मासा घसरे. शेवटी त्याने तो कोपराखाली दाबला. दोन खवले उडून ताज्या कापलेल्या गालाला चिकटले.

"पुढच्या रविवारीही जाऊ ना मी?" आतून आवाज आला.

त्याने ओठ गच्च मिटले. पाण्याचा आवाज थांबला. ती टॉवेलने केस पुसत दारात येऊन उभी राहिली, तो बोलेपर्यंत तिथून हलली नाही.

"हो," घड्याळजी म्हणाला.