पाचातले दोन शब्द

ऑगस्टचा पहिला सोमवार, सकाळ, कॉलेजच्या मैदानालगतची मीटिंगची खोली. हजर: नवे हेड कोच, त्यांचे दोन सहायक, क्रीडा विभागाचे संचालक, संघातली सगळी मुलं आणि मी. मी संघाची अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे मुलांचे घोटे बांधणारी, दुखापती बघणारी आणि आज कोणी खेळायचं नाही हे सांगणारी. गैरहजर: कोचिंगचा अनुभव.

नव्या कोचनी आयुष्यात शाळेच्या संघालाही कधी शिकवलं नव्हतं. ते व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधले माजी क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून प्रत्येक डाव सुरू होतो तो. बाकीचे त्याच्यासाठी धावतात, नाहीतर त्याला कोणी पाडू नये म्हणून स्वतः पडतात. अशी वर्षं काढलेल्या माणसाला एक सवय लागते. न बघता हात बाजूला करायचा, त्यात पाण्याची बाटली आली पाहिजे. त्या सकाळी तो हात माझ्या दिशेने आला. मी त्यात काही ठेवलं नाही. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग एका सहायकाने धावत येऊन बाटली दिली. संचालक देवदर्शनाला आल्यासारखे बघत होते.

'आपण एक कुटुंब आहोत' असं कोच पुन्हा पुन्हा म्हणाले. त्या कुटुंबातल्या एकाचंही नाव त्यांना माहीत नव्हतं.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या पुण्याच्या गृहस्थांना ही बातमी माझ्याआधी लागली होती.

"ताई, यार, तुम्ही त्यांच्यासोबत काम करणार? एक बॉल साइन करून आणा ना!"

"त्यांनी आजवर कोणाला काय शिकवलंय?"

"ताई, लेजंडला शिकवता कशाला यायला हवं?"

निवड समितीनेही बहुधा एवढाच विचार केला असावा.

त्या आठवड्यात माझं मोठं काम होतं स्मरणाच्या चाचणीचं. सीझनआधी प्रत्येक खेळाडूची ती घेतात. पाच शब्द वाचून दाखवायचे, थोड्या वेळाने तेच विचारायचे. आणखीही बरंच असतं, पण हेतू एकच: डोकं शाबूत असताना मुलाला किती आठवतं हे आधी कळावं. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा विचारायचं आणि ताडून बघायचं. कमी आलं तर बरा होईपर्यंत खेळ बंद.

पहिल्या मुलाला दोन शब्द आठवले. दुसऱ्यालाही दोन. रसायनशास्त्रात वर्गात पहिला येणाऱ्यालाही दोनच. आमचा क्वार्टरबॅक, दुसऱ्या वर्षाचा मुलगा, ज्याला सगळे डाव तोंडपाठ, समोर बसला आणि म्हणाला, "छत्री. लिंबू."

"शिडी आठवत नाही?"

"नाही, डॉक." मी डॉक्टर नाही, पण ट्रेनरला इथे सगळे डॉकच म्हणतात. त्याला हसू आवरेना.

"कोणी सांगितलं असं करायला?"

"डॉक, प्लीज. मला खेळायचंय. मला काही विचारू नका."

विचारायची गरजच नव्हती. मुद्दाम कमी सांगितलं की पुढे डोकं हललं तरी 'याचं आधीही असंच होतं' म्हणता येतं. युक्ती जुनी आहे. पण अख्खा संघ एकाच आकड्यावर येतो तेव्हा ती कोणीतरी शिकवलेली असते. कोचनी मुलांना शिकवलेली ही पहिली गोष्ट.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. चारही भिंतींवर त्यांचेच फोटो.

"डॉक, सगळे करतात. मीसुद्धा दर वर्षी केलं. बघा, ठणठणीत आहे."

"चाचण्या परत होतील."

"तुमचे लोक कॉम्प्युटरमध्ये हुशार असतात ना? मग आकडे तिथेच ठीक करून टाका की."

"माझे लोक नागपुरात आहेत. चाचण्या परत होतील, आणि तोवर हेल्मेटच्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहील."

हेल्मेटशिवाय धडकाधडकीचा सराव होत नाही. मग मुलं टोप्या घालून नुसती पळत राहिली आणि कोचनी स्थानिक टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर लांब लांब चेंडू फेकून दाखवले. संचालक मला म्हणाले, "जरा लवकर उरका." उरकलं. या वेळी क्वार्टरबॅकने पाचही शब्द मधे श्वास न घेता सांगितले.

"माझी पण घ्या की," दारातून कोच म्हणाले. मुलं भोवती जमली. मी दुसरे पाच शब्द वाचले, इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हटलं, सांगा.

"घोडा," ते म्हणाले. "सुई." थांबले. मग दोन बोटं वर करून त्यांनी डोळा मारला. "बघा पोरांनो, असं करायचं असतं!"

हशा झाला. फाजील माणूस, असं मनाशी म्हणून मी सामान आवरलं.

तिसऱ्या सामन्यात आमचा क्वार्टरबॅक पाठीवर आपटला, डोकं जमिनीवर आदळलं. उठला तो प्रतिस्पर्ध्यांच्या बाकाकडे चालू लागला. मी त्याला ओढून आणलं, बसवलं, हेल्मेट काढून माझ्या पायांत घट्ट धरलं आणि शब्द विचारले. दोन आले. या वेळी तो हसत नव्हता.

"दोन ना?" कोच म्हणाले. "दोन म्हणजे पास!"

"त्याचे पाच होते."

"हा गेला तर माझा सीझन गेला, डॉक."

"डोकं त्याचं आहे."

त्यांनी मैदानाकडे बघत हात बाजूला केला, हेल्मेटसाठी. तो पहिल्या दिवसासारखाच रिकामा राहिला. या वेळी सहायकही धावला नाही.

सामना हरलो. परतीच्या बसमध्ये मी बॅगा चढवत होते तेव्हा कोच शेजारी येऊन उभे राहिले. आता ओरडणार, असं वाटलं.

"सुईनंतर काय होतं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, त्यांच्या त्या चाचणीतले शब्द.

"ढग."

"आणि?"

"पितळ. गाजर."

तिन्ही शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकले. "सीझन संपला की बघू," म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

मला त्यांची दया आली असं इथे लिहिलं तर शोभून दिसेल. आली नाही. स्वतःच्या डोक्याचं हे झालेलं असताना हा माणूस वीस वर्षांच्या पोरांना तीच युक्ती शिकवत होता, आणि वर ठणठणीत असल्याचं सांगत होता.

मुलाची डोकेदुखी आता कमी आहे. तो बाकावर बसून मला दर वेळी "आज?" विचारतो आणि मी "नाही" म्हणते. कोचसाठी मी मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. कोचनीच ती कॅन्सल केली. पुन्हा घेतली, पुन्हा कॅन्सल. या आठवड्याची कामं बहुतेक झाली आहेत: टेपचे रोल आले, बर्फाचं मशीन दुरुस्त झालं, शेजाऱ्यांना बॉल मिळणार नसल्याचं कळवलं. कोचची चाचणी तेवढी राहिली आहे.