पवन, पांढरा स्कार्फ आणि मी

शनिवारी ऊन उतरल्यावर पवनला फिरवायला नेलं होतं. अमरावतीला आमच्या घरामागं प्लॉट पाडलेलं मोकळं लेआऊट आहे, तिथून पुढं मारुतीच्या देवळात जायचं, हा आमचा दोघांचा नेम.

पवन म्हणजे आमचा कारवानी कुत्रा. माझ्या कमरेला लागेल एवढा उंच आणि इतका सडपातळ की बरगड्या दिसतात. लोक हमखास विचारतात, "काका, जेवाले देत नाही काय याले?"

आता कोणाकोणाला सांगू... ही जातच अशी. दही-भाकर पोटभर खातो, पण फरशीवर हाडं टोचतात म्हणून निजायला गोधडी लागते. ती माझ्या मुलीनं, गौरीनं, आपल्या जुन्या ओढण्यांची शिवलेली.

पवन तिचाच. लग्न होऊन ती अकोल्याला गेली, सासरी वरच्या मजल्यावरचा लहानसा फ्लॅट... एवढा धावणारा जीव तिथं कसा राहणार? यंदा अक्षय तृतीयेला, आमच्या अखजीला, माहेरी येते म्हणाली होती. शुक्रवारी फोन आला, सुट्टी मिळत नाही.

हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर चालतात. व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा दाखवला तर पवन ढुंकून बघत नाही. रस्त्याच्या टोकाकडे मात्र बघत बसतो... बसतोच.

तर त्या दिवशी लांबून निळी स्कुटी आली, गौरीची होती अगदी तशीच. चालवणारीनं डोक्यातोंडाला पांढरा स्कार्फ गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. उन्हाळ्यात आमच्याकडच्या सगळ्याच मुली बांधतात तसा. माझ्या हातातून पट्टा सुटला आणि पवन गेला तो गेलाच.

पोरगी घाबरून पडली तर... मी धापा टाकत पोचलो तोवर तिनं ब्रेक मारला होता. पवन तिच्यासमोर मान वर करून शेपटी हलवत उभा.

"घाबरू नको बाई, चावत नाही. माह्या पोरीले शोधून राह्यला तो. अकोल्याले दिली तिले."

तिनं स्कार्फची गाठ सोडली आणि त्याच्यापुढं वाकली.

"पाहून घे रे बाबा नीट. मी नाही तुयी ताई."

पवननं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. शेपटी हळूहळू थांबली. मग तो परत आला आणि माझ्या पायाला टेकून उभा राहिला...

एक सांगायचं राहिलं. पट्ट्याला त्यानं हिसका दिलाच नव्हता. ती स्कुटी पाहून माझाच हात सैल पडला होता.

देवाजवळ मी सहसा काही मागत नाही. त्या संध्याकाळी मारुतीसमोर आधी त्या अनोळखी लेकीसाठी हात जोडले. मग हळूच म्हटलं... पुढच्या वेळी हा धावेल, तेव्हा स्कार्फ सोडल्यावर आमचीच पोर निघू दे.