राहीबाईच्या टमाट्यांची फुलं

राहीबाईला भात कळायचं. राब कधी भाजायचा, रोप केवढं झालं की उपटायचं, खाचरात पाणी किती उभं ठेवायचं, हे तिला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. टमाट्याचं झाड हा काय प्रकार आहे ते मात्र तिला कधीच नीट उमगलं नाही, आणि पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात नेमकं त्याच झाडाने तिला छळलं.

सगळं आयुष्य तिचं पडघ्याजवळच्या गावात गेलेलं. नवरा वारला तेव्हा मुलाने, दामूने, तिला भिवंडीला आणलं. दामू यंत्रमागावर, लूमवर, कामाला. लूमच्या शेडला लागून त्याच्या दोन खोल्या, मागे न्हाणी आणि हातभर अंगण. लूमची खटखट दिवसरात्र चालायची. पहिले काही दिवस राहीबाईला वाटे, कुणीतरी आपल्या डोक्यातच भात कांडतंय. पुढे इतकी सवय झाली की वीज गेली आणि लूम थांबले की तीच दचकायची.

दामूची बायको चंद्रा. मार्गशीर्षात तिचं बाळंतपण झालं आणि मूल मेलेलंच आलं. मुलगा होता. राहीबाई तशी तोंडाची फटकळ, कुणाची भीडभाड न ठेवणारी, पण त्या वेळी काय बोलावं ते तिला सुचलं नाही. मनात मात्र एक गोष्ट रुतून बसली. कार्तिकी पुनवेला ग्रहण होतं, आणि त्या दिवशी ही पोरगी विळीवर भाजी चिरत बसली असेल का, असं तिला सारखं वाटायचं. तिने ते कधी विचारलं नाही. नुसतं तसं बघितलं, आणि चंद्राला बघणं कळत होतं. मग चंद्राही बोलेनाशी झाली. भाकऱ्या थापायची, डबा भरायची, विचारलं तर हो किंवा नाही.

माघात न्हाणीच्या सांडपाण्यापाशी टमाट्याची रोपं उगवली. चंद्राने नासकी टमाटी तिथे टाकली होती, त्यातलीच असणार. राहीबाई ती उपटायला वाकली तेवढ्यात मागून चंद्रा म्हणाली, राहू द्या आत्या. किती दिवसांनी तिने आपणहून तोंड उघडलं होतं. राहीबाईने हात मागे घेतला.

मग चंद्राने ती रोपं ओळीने लावली. कारवीच्या काठ्या रोवल्या आणि दामूने शेडमधून आणलेल्या तुटक्या सुताने झाडं काठ्यांना बांधली. पानांवर लूममधली कापसाची रुई उडून बसायची, ती ओल्या फडक्याने रोज पुसायची. एकदा तर ती गुणगुणताना ऐकू आली. राहीबाई तिथेच दाराआड थबकली आणि तिने मनाशी ठरवलं की या झाडांना फळ धरलंच पाहिजे. टमाटी काय, बाजारात ढिगाने मिळतात. पण या पोरीच्या हातचं काहीतरी एकदा नीट पार पडायला हवं होतं.

चैत्रात फुलं आली, पिवळी, झुबक्याझुबक्यांनी. आणि गळायला लागली. नखाने खुडावीत तशी देठापासून तुटून खाली पडायची. चंद्रा ती वेचून ओंजळीत घ्यायची आणि बघत राहायची. ते बघणं राहीबाईला सोसवेना.

ती पार चक्रावून गेली. भाताचा दाणा भरला नाही तर त्याला कारण असतं. खोडकिडा लागतो, पाऊस दडी मारतो. इथे झाड हिरवंगार, कीड नाही, पाणी आहे, मग बिनसलं कुठे? आधी तिने चिमण्यांवर आळ घेतला. मग रुईवर. मग लूमच्या हादऱ्यावर, आणि भिंतीला हात लावून तो हादरा खरंच किती आहे तेही बघून आली. मीठमिरची घेऊन झाडांची दृष्ट काढली. दामू रात्रपाळी करून आलेला, त्याला विचारलं तर म्हणाला, बाजारातनं किलोभर आणून टाकतो की. राहीबाईने त्याला असा फैलावर घेतला की तो न जेवताच झोपला.

अशात शेजारची रंगूबाई आली आणि आवाज खाली घेऊन विचारती झाली, की सून बाजूला बसते तेव्हा झाडाला शिवते का. आणि कूस अशी गेलेल्या बाईचा हात, म्हणजे बघ बाई, असंही वर म्हणाली. राहीबाईने तिला चांगली खडसावून घालवली. ती गेली, पण तिचं बोलणं घरातच राहिलं. विटाळात वेलाला हात लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीला नाही, हे राहीबाईने स्वतः जन्मभर पाळलं होतं. रंगूबाई वाईट होती म्हणून तिचं खोटं कशावरून? तिचं मन एकदा इकडे जायचं, एकदा तिकडे. शेवटी एका सकाळी तिने चंद्राला सांगितलं, झाडांकडे तू जाऊ नको, मी बघते.

चंद्राने हातातलं फडकं दोरीवर टाकलं आणि ती आत गेली.

आता झाडं राहीबाईच्या एकटीच्या ताब्यात. तिने तिला येत होतं ते सगळं केलं. शेणी जाळून राख घातली, बांध घालून आळ्यांत पाणी तुंबवून ठेवलं, अगदी खाचरासारखं. पानं पिवळी पडली. फुलं आधीपेक्षा जास्त गळायला लागली. चंद्रा पुन्हा मुकी झाली, जेवण निम्म्यावर आलं. हिचा तर हातही लागत नाही, आता कोणाचा दोष? राहीबाईला स्वतःचा राग यायला लागला.

वैशाखात ती पडघ्याला बाजाराला गेली. तिथे माहेरची ठकुबाई भेटली, विहिरीवर भाजीपाला करणारी. राहीबाईने अगदी सहज विचारावं तसं विचारलं. ठकुबाई हसली. या उन्हात टमाट्याचं फूल टिकतं का कुठे, म्हणाली, माझी पण गळतात, ऊन उतरलं की धरतील. आणि पाण्यात उभं करायला ते काय भात आहे?

परतीच्या एसटीत राहीबाईचं मन हलकं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. उनाने गळतात, म्हणजे चंद्राचा काही संबंध नव्हता. मग आपण तिला काय म्हणून तोडलं? आणि एक गोष्ट अशी नुसतीच होत असेल, तर दुसरी? ग्रहण, विळी, भाजी, यातलं खरं काय होतं? भिवंडी आली तरी ती बसून राहिली, कंडक्टरने हाक मारली तेव्हा उठली.

चंद्रा त्या दिवशी बाजूला बसलेली होती, मागच्या दाराशी, गोणपाटावर. राहीबाई पिशवी टाकून सरळ तिच्याकडे गेली आणि तिने तिचं मनगट धरलं. चंद्रा अंग चोरून मागे सरली.

"आत्या, मी बाजूला बसलेय."

"म्हाईत हाय मला. ऊठ."

तिला ओढत तिने झाडांपाशी नेलं. लूमच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं.

"माज्या हातानं पन गळतात. ठकुबाईची पन गळतात. उनानं गळतात ती. तुजा हात वाईट न्हाय, आयकलास?"

चंद्रा खाली पडलेल्या फुलांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, इतक्या हळू की त्या खटखटीत ते ऐकू यायला नको होतं.

"आनि बाळ, आत्या?"

राहीबाईला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. तिच्या सासूने, तिच्या आईने जे सांगितलं ते सगळं तिच्या घशापर्यंत आलं आणि तिने ते गिळलं.

"ते पन न्हाय," ती म्हणाली. "ते पन तुज्यामुळं न्हाय गो."

तेव्हा चंद्रा रडली. मार्गशीर्षापासून पहिल्यांदाच, सासूच्या पदरात तोंड खुपसून, लहान पोरीसारखी. राहीबाई तिला धरून त्या तुंबलेल्या पाण्यात तशीच खाली बसली. विटाळात हिला शिवलं म्हणून आता आपल्याला अंघोळ करावी लागेल हे तिच्या ध्यानात आलं, पण तिने हात सोडला नाही.