डोंगलचा पिन

राणीसावरगावच्या शाळेत कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला हात लावायची हिंमत एकट्या विष्णुपंतांनी केली होती. पुढची सोळा वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हुद्द्यानं ते लिपिक, पण दाखला असो, निकालपत्रक असो की पगाराचं बिल, सगळं त्यांच्याच बोटांखालून जायचं. बी.एड. झालेले मास्तर खुर्चीमागं उभे राहून "काका, तेवढं एक प्रिंट" म्हणायचे आणि विष्णुपंत मुद्दाम चष्मा पुसत बसायचे. एवढ्या सुखावर त्यांची नोकरी मजेत चालली होती.

या जूनमध्ये विज्ञान शिकवायला शिवकन्या मॅडम आली. सत्तावीस वर्षांची, गंगाखेडहून रोज स्कूटीवर येणारी. कॉम्प्युटर तेव्हा अगदीच रडतखडत चालत होता. बटण दाबून चहा पिऊन आलं, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. एका रविवारी तिनं जुनं सगळं पुसलं आणि कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स नावाची नवी सिस्टिम घातली. फुकट मिळते, व्हायरस जवळपास लागत नाहीत, असं तिनं सांगितलं. सोमवारी तोच कॉम्प्युटर मिनिटभरात उघडला. हेडसर माणिकराव इतके खूश झाले, की सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "मॅडम, आजपासून कॉम्प्युटरची जिम्मेदारी तुमच्याकडं. विष्णुपंत, चार्ज देऊन टाका."

विष्णुपंतांनी यादी केली. कॉम्प्युटर एक, कीबोर्ड एक, माउस एक, प्रिंटर एक, डोंगल सिमसह एक. खाली देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही.  सहीचं शेवटचं अक्षर नीट उमटलं नाही, म्हणून ते पुन्हा गिरवावं लागलं.

घरी त्यांची बायको अंबिकाबाई म्हणाल्या, "बरं झालं की. डोळ्याला आराम पडंल."

"तुला काय कळायलंय त्यातलं!" विष्णुपंत असे खेकसले, की त्या भाजी वाढायचं विसरल्या.

त्यांना शिवकन्याचा हेवा वाटत होता. दुसरा शब्द नव्हता त्याला. तिची बोटं कीबोर्डवर न बघता चालतात, याचा वाटत होता. मास्तर लोक आता तिच्या खुर्चीमागं उभे राहतात आणि ती चष्मा पुसत न बसता लगेच प्रिंट काढून देते, याचा तर सगळ्यात जास्त. असलं स्वस्तातलं चांगुलपण त्यांना सहन होईना.

मग देवानं त्यांच्याकडं बघितलं. नव्या सिस्टिमवर नेट लागेना.

शाळेत तारेचं नेट नव्हतं. खिडकीशी धरलेल्या डोंगलवरच सगळा कारभार. बुधवारी शिवकन्यानं डोंगल लावलं, तर कॉम्प्युटरला ते नेट जोडणारं मोडेम वाटेचना. पोटात सीडी असलेलं काहीतरी आहे, एवढंच त्याला कळत होतं. हेडसर बेजार झाले. "मॅडम, सगळी माहिती ऑनलाइन भरायची असती. तुमच्या फोनवर शाळेचं काम किती दिवस रेटायचं? शनिवारपर्यंत बघा. न्हाई जमलं तर जुनंच परत टाकू, अन् चार्ज विष्णुपंतांकडं."

विष्णुपंतांनी रजिस्टरमध्ये डोकं घातलं, कारण तोंडावरचा आनंद लपेना.

पण पोरगी चिवट. गुरुवारी तिनं पेनड्राइव्हवर घरून एक छोटा प्रोग्रॅम आणला आणि डोंगलला मोडेम असल्याचं कबूल करायला लावलं. मग मोबाइल ब्रॉडबँडचा रकाना उघडून देश निवडला. कंपनीचं नाव यादीत नव्हतं, ते हातानं भरलं. विष्णुपंत रजिस्टर सोडून पडद्याकडं बघू लागले. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली. सिमचा पिन टाका.

शिवकन्यानं चार शून्यं टाकली. चूक. एक दोन तीन चार टाकलं. चूक. आता एकच संधी उरली होती. तीही चुकली, तर सिमला कुलूप लागणार होतं.

तो पिन विष्णुपंतांनीच घातला होता. फार मागं, डोंगलमधलं सिम काढून कुणीतरी मोबाइलमध्ये घालतं आणि क्रिकेटचे सामने बघतं, हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा. जुन्या सिस्टिमला पिन लक्षात ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळं तो पुन्हा कधी कुणाला विचारला गेलाच नाही. चार्जच्या यादीत वस्तू लिहितात. आकडे कुठं लिहितात? विष्णुपंतांनी नियमाला धरूनच सगळं दिलं होतं. मनाला त्यांनी हेच सांगितलं, आणि मन ऐकेना तेव्हा पुन्हा सांगितलं.

"काका, या सिमला पिन हाय का हो?" शिवकन्यानं विचारलं.

"यादीत जे हाय, ते सगळं दिलं बघा तुम्हाला," ते म्हणाले. शब्दाशब्दानं खरं होतं.

शुक्रवारी ती गंगाखेडच्या दुकानात जाऊन आली. सिम शाळेच्या नावावर, कागद सापडेनात, दुकानदारानं हात वर केले. तिचा उतरलेला चेहरा बघून विष्णुपंतांनी किती तरी दिवसांनी डबा चाटूनपुसून खाल्ला.

शनिवारी सकाळची शाळा. साडेदहाला हेडसर ऑफिसात आले. शिवकन्या डोंगल हातात धरून बसली होती. विष्णुपंत आपल्या टेबलाशी, रजिस्टर उघडं, कान तिकडं.

"काय झालं मॅडम?"

"सगळं झालंय सर, फकस्त पिन मागायलंय. एकच चान्स राहिलाय."

हेडसर वळले. "विष्णुपंत, सोळा वर्सं तुमच्याकडं होतं. तुमाला ठाऊक न्हाई?"

विष्णुपंतांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. एवढा एक शब्द, की दुपारच्या आत खुर्ची परत आपली. पण त्यांच्या आधी शिवकन्याच बोलली, आणि मनापासून बोलली.

"काकांना कसं ठाऊक असंल सर? जुन्या सिस्टिममदी सगळं आपोआप व्हायचं. त्यांना निस्तं बटण दाबायचं काम होतं. पिन काय असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नसंल."

ती त्यांची बाजू घेत होती. विष्णुपंतांच्या कानात मात्र 'निस्तं बटण' एवढंच शिरलं. सोळा वर्षं! अंगाचा असा तिळपापड झाला, की खुर्ची मागं सरकवून ते ताडकन उठले.

"मला सांगितलं नसंल? मला? अवो, मीच घातलाय तो पिन! तुमी शाळेत पाढे घोकत होता तेव्हा! एकोणीसशे शहाण्णव! माझ्या नोकरीचं साल! टाका!"

शिवकन्यानं टाकलं. डोंगलचा दिवा लुकलुकायचा थांबला, निळा झाला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात रेघा उभ्या राहिल्या. नेट चालू झालं होतं.

 आपण काय करून बसलो, ते विष्णुपंतांना उभ्या उभ्या उमगत गेलं. खुर्ची तर गेलीच होती.

"म्हंजे तुमाला ठाऊक होतं," हेडसर सावकाश म्हणाले. "मग दोन दिवस ही पोरगी हैराण व्हायली, तेव्हा तुमी काय करायलेत?"

विष्णुपंतांनी शिवकन्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं होतं. यादीचं उत्तर, शुक्रवारचा डबा, सगळं. आता ती बोलणार आणि आपली अब्रू जाणार, म्हणून त्यांनी टेबलाची कड धरली.

"सर, इतक्या वर्सांचा आकडा, विसरतंय की माणूस," ती म्हणाली. "आत्ता आठवला असंल. हाय ना काका?"

ती वाट बघत होती. हेडसरही बघत होते.

"विसरलो होतो," विष्णुपंत म्हणाले.

ती मान हलवून कामाला लागली. विष्णुपंत खाली बसले. त्यांना तिचा हेवा वाटला, आधी कधी वाटला नव्हता एवढा. कॉम्प्युटर आपण सोळा वर्षांत शिकलो होतो. हे जे तिनं आत्ता केलं, ते आपल्याला एकदाही जमलं नव्हतं.