जखम भरली की

बीटाडीनचा वास आला की आईच्या डाव्या पायाचा तळवा आठवतो. नर्सिंग संपवून मी सिकंदराबादला नोकरीला लागले होते आणि तिथून जवळच अंबरपेठच्या घरी रोज तिच्या शुगरच्या जखमेचं ड्रेसिंग करत होते. पुण्याच्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं, तेव्हा मी म्हणाले, "तुझी जखम भरली की जाईन." एका संध्याकाळी ड्यूटीवरून आले, तर तिनं जमिनीवर आरसा ठेवून स्वतःच नवी पट्टी बांधली होती. "भरली बघ माय, आता जा." पट्टीवर ओल उमटली होती, वास तर मला दारातच आला होता. पट्टी न सोडताच मी म्हणाले, "हो, भरली." आज पुण्यात नव्या मुलींना शिकवते, पट्टी सोडल्याशिवाय जखमेबद्दल बोलायचं नाही, तेव्हा त्यांच्याकडे बघवत नाही.