आत्याच्या कागदावरचा शब्द

आतेबहिणीचा, सविताचा, फोन आला तेव्हा मी परतवाड्याच्या बसमध्ये होतो. "दादा, आईच्या पोटातला फोड फुटला... गेली." मेथीचा गठ्ठा उचलायला वाकली होती नलूआत्या, तेवढंच निमित्त. आज पाच आठवडे झाले.

बडनेऱ्याबाहेर तिचा भाजीचा मळा. आत्यानं जन्मात अंडंसुद्धा खाल्लं नाही. पण दर रविवारी खाटकाकडून पाण्याचे फोड आलेली बकऱ्याची काळीजं आणायची, ती चेंडूसाठी. चेंडू म्हणजे तिचा कुत्रा. "थो फेकूनच देते, मंग वाया काहून घालू?" मी तेव्हा रेबीजची पत्रकं वाटत हिंडायचो. चेंडूला लस टोचून आणली आणि ऐटीत सांगितलं, "आता बिनधास्त राहा." जंताच्या औषधाबद्दल माझ्या पत्रकात एक अक्षर नव्हतं.

पुढे आत्याचं पोट दुखायला लागलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली आणि मला बाजूला घेऊन सगळं उलगडून सांगितलं. तसलं काळीज खाल्लं की कुत्र्याच्या आतड्यात जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत, त्याच्या केसांवर, पालेभाजीवर येतात. ती माणसाच्या पोटात गेली की यकृतात पुन्हा तसाच फोड धरतो. वर्षानुवर्षं निमूट वाढतो. ऑपरेशनची तारीखही मिळाली. पण दवाखान्याच्या कागदावर कुणीतरी तिला न विचारताच लिहिलं होतं... आहार : मांसाहारी. सवितानं ते वाचून दाखवलं आणि आत्या उसळली.

"मले बाटवलं त्यायनं! खोडा थो शब्द, मंग येईन."

खोडून आणायला दहा मिनिटं पुरली असती. मी भाषण ठोकलं. मटण खाणारी माणसं काय बाटलेली असतात? हा कसला सोवळेपणा? जंताचा रस्ता समजावून सांगायचा, तो राहिलाच. आत्या म्हणाली, "तुया पत्रकाले शिकव, मले नको." तारीख टळली. माझा मुद्दा मला आजही बरोबर वाटतो... आणि आत्या राहिली नाही.

चेंडूला आता जंताचं औषध दिलंय. मातीला कसं देणार? परवा मळ्यात गेलो. सविता जुड्या बांधत होती. तिला जंताचं सगळं सांगून झालं होतं. जुडी बांधण्याआधी आत्या मेथीचं एक पान पदराला पुसून तोंडात टाकायची, कडू किती ते बघायला. सवितानं पान खुडलं, ओढणीला पुसलं.

"धुऊन घे!" मी ओरडलो.

ती चावता चावता हसली. "काहून? मी कुठं मटण खाते, दादा?"