पाचव्या जागेवरचा टॉवेल

सरांनी टॉवेल छत्रीच्या टोकानं उचलला.

एका हातात त्यांचा डबा होता. डबा खाली ठेवता आला असता, शेजारच्याकडं देता आला असता. तसं न करता त्यांनी लांब दांड्याची छत्री पुढं केली, टोक टॉवेलात खुपसलं आणि तो बाकापासून हातभर वर धरला. गाडीतल्या सगळ्यांना दिसेल असा.

"हे फडकं कुणाचं?"

मी दारातून आत येत होतो. आईच्या दोन्ही काखांत हात घालून तिला नुकतंच पायरीवरून वर घेतलं होतं. तिच्या कमरेला पट्टा होता. त्या आठवड्यात नगरच्या मणक्याच्या डॉक्टरांना दुसऱ्यांदा दाखवायचं होतं. पहिल्या खेपेला त्यांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, उभ्यानं प्रवास करायचा नाही.

"माझा आहे सर. आईसाठी जागा धरलीय."

"अरे, आज पाहुणे आहेत बरोबर." सरांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. "आई उभ्या राहतील. त्यांना सवय असते."

मग त्यांनी छत्री तिरपी केली. टॉवेल वाटेत पडला. मागून चढणाऱ्या एकाचा बूट त्यावर पडला, आणि तो माणूस खाली न बघता पुढं गेला.

तो टॉवेल सरांनीच मला दिला होता. ते सांगण्याआधी गाडीचं सांगायला हवं.

राहुरीहून सकाळी नगरला जाणारी जलद एसटी. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, बोलण्यात अजून नगरच. ही गाडी मधल्या वस्त्यांना थांबत नाही. राहुरी सुटली की चार किलोमीटरवर कॉलनीचा एक थांबा आणि मग एकदम नगर. कॉलनीत नोकरदार राहतात. कॉलनीच्या मागं, ओढ्यापलीकडं, आमची वस्ती. माझी आई आणि दादा, म्हणजे वडील, शेवगावकडून ऊस तोडायला आले, कारखान्याच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांत राहिले आणि एका वर्षी परत गेलेच नाहीत. दादा वारले. आईनं पुढं कितीतरी हंगाम मोळ्या वाहिल्या. मी बी.ए. झालो आणि नगरला एका जुन्या वाचनालयात हंगामी परिचर म्हणून लागलो. म्हणजे पुस्तकं झाडायची, लावायची, मागतील त्यांना काढून द्यायची. वाचायचं काम माझ्याकडं नव्हतं, ते मी स्वतःहून करत होतो.

गाडीत रोज अपडाऊन करणाऱ्यांचं एक मंडळ होतं. अध्यक्ष अर्थातच सर. एका हायस्कूलचे पर्यवेक्षक आणि आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीचे सभासद. बाकी तिघं, बँकेतले काका आणि कचेरीतले दोन साहेब. सरांनी पहिल्या दिवशी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले. त्यानंतर माझ्याबद्दल दुसरं काही विचारायची त्यांना गरज पडली नाही.

एसटीत जागा कशी धरतात हे सगळ्यांना माहीत आहे. बाकावर रुमाल टाकायचा. माणूस नसला तरी रुमाल असतो, आणि रुमालाचा मान राखला जातो. लोक तासभर उभे राहतील, रुमालावर बसणार नाहीत. कायद्याची पुस्तकं आमच्याकडं दोन कपाटं भरून आहेत. इतका पाळला जाणारा कायदा त्यांत नाही.

गाडी राहुरीतच भरायची, म्हणून कॉलनीवाल्यांना जागा मिळत नसे. एके दिवशी सर मला म्हणाले, "तू तरुण आहेस. सायकलनं राहुरीला जाऊन तिथूनच बसत जा ना. येताना आमच्या चार जागा धर." तेवढ्यावर मी रोज उलटा जाऊ लागलो. ज्या थांब्यावर गाडी माझ्या घरापाशी येत होती, तो सोडून चार किलोमीटर मागं. स्टँडवर सायकल लावायची, धक्के खात आत शिरायचं आणि पुढच्या दोन बाकांवर चार रुमाल टाकायचे. पाचवी जागा मागच्या बाकावर, माझी. कॉलनीत एखादा जास्तीचा ओळखीचा चढला की मी न सांगता उठायचो.

रुमाल त्यांचे होते, पण असायचे माझ्याकडं. प्रवासात ते त्यानंच घाम पुसत, शनिवारी भेळ खाल्ली की तोंड पुसत, आणि नगरला उतरताना माझ्या हातात देत. भेळ सगळे एकाच डब्यातून घेत. माझा वाटा कागदावर यायचा. कागद स्वच्छ असतो, असं मी स्वतःला समजावायचो. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालण्याची साधनं जास्त मिळतात.

रुमाल घरी आई धुवायची. वस्तीच्या नळावर, दोनदा घासून, शेवटी नीळ टाकून. "सायबांचं हायेत. पिवळं पडाया नगं," म्हणायची. घरात इस्त्री नव्हती. घड्या घालून ती उशीखाली ठेवायची आणि त्यावर डोकं ठेवून झोपायची. सकाळी रुमाल दुकानातून आणल्यासारखे निघायचे. ते कुठं धुतले जातात, कोण धुतं, हे दोन वर्षांत कुणी विचारलं नाही.

मी हे का करत होतो? माझी नोकरी हंगामी होती. मला कायम करायचा ठराव कार्यकारिणीपुढं यायचा होता आणि सर म्हणायचे, "माझं लक्ष आहे." हे एक कारण. पण एवढंच सांगितलं तर ते खोटं होईल. मला ते आवडतही होतं. सर मला नावानं हाक मारायचे. माझ्याकडून पुस्तकं मागवायचे आणि वाचून झाली की त्यावर माझ्याशी दोन वाक्यं बोलायचे. मी त्या चौघांतला पाचवा आहे असं मला वाटायचं.

गेल्या दसऱ्याला मंडळानं गाडीची पूजा केली. झेंडूचे हार मी आणले. काच मी पुसली. चालकाचा सत्कार झाला, वाहकाचा झाला, मंडळानं मंडळाचाही करून घेतला. सर पायरीवर उभे राहून बोलले, "ही केवळ गाडी नाही, हे एक कुटुंब आहे." मग माझं नाव पुकारलं. टोपी, टॉवेल, नारळ. टॉवेल त्यांनी स्वतःच्या हातांनी माझ्या खांद्यावर ठेवला. फोटो निघाला. घरी आल्यावर आईनं टॉवेलाचं सूत बोटांनी चोळून पाहिलं आणि म्हणाली, "हा वापरायचा न्हाई. कामाला पेटीत ऱ्हाऊ दे."

ते काम त्या सकाळी निघालं. आईला राहुरीपर्यंत उलटं नेणं शक्य नव्हतं. ती कॉलनीच्या थांब्यावर थांबली. मी राहुरीला जाऊन चार रुमाल टाकले आणि पाचव्या, माझ्या जागेवर तो टॉवेल अंथरला. कॉलनीत गाडी थांबल्यावर तिला वर घ्यायला खाली उतरलो. मी उतरलो आणि तेवढ्यात मंडळ चढलं. पाहुण्यांना सरांनी आपल्या शेजारी बसवलं. बँकेतल्या काकांची जागा गेली, म्हणून त्यांना मागच्या बाकाकडं सरकवलं. तिथं टॉवेल होता. पाहुण्यांचं शाळेत व्याख्यान होतं. विषय मी विचारला नाही.

म्हणजे टॉवेल तोच. सरांच्या हातानं माझ्या खांद्यावर आला तेव्हा तो सन्मान होता. मधल्या काळात तो आमच्या पेटीत राहिला, एवढाच काय तो फरक. तेवढ्यात त्याचं फडकं झालं होतं, आणि त्याला हात लावण्यासारखं राहिलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत आई वाकली.

वाकायचं नाही असं सांगितलेली ती बाई दांडा धरून, पट्ट्यासकट, एका बाजूनं खाली गेली. टॉवेल उचलला, बुटाची माती झटकली, घडी घातली. मग सरांना म्हणाली, "चुकलं सायेब. पोराच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

आणि तीच घडी तिनं वाटेत, लोकांच्या पायांत ठेवली आणि त्यावर टेकायला लागली. "मी हितंच बसते. तू तुजं उबा ऱ्हा."

मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. अपमानावर वाचलं आहे. बंडावर वाचलं आहे, अधोरेखित करून. त्यातलं एक वाक्य त्या क्षणी आठवलं नाही. मला फक्त दिसलं की मी ज्या माणसांसाठी रोज उलटा जात होतो, त्यांची माफी माझी आई मागते आहे. माझ्या वतीनं. माझ्याच जागेसाठी.

"आई, उठ."

"बसू दी रं. लई लांब हाय नगर."

"खाली बसायचं नाही. उठ."

तिला उभं केलं आणि सरांकडं वळलो. ते एव्हाना आपल्या जागेवर बसले होते.

"सर, उठा."

"काय म्हणालास?"

"रुमाल तुमचे, पण जागा मी धरल्यात. पाचही. त्यातली एक माझ्या आईला लागते. कुणीतरी उठा."

बँकेतले काका खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर कॉलनीची भिंत होती. ती ते रोज बघत असत. कचेरीतल्या दोघांनी मोबाईल काढले. वाहक म्हणाला, "ओ, आपसात मिटवा की राव. गाडी सोडायचीय." आणि त्यानं घंटी मारली.

सर पुढं झुकून हळू बोलले. "तुझा ठराव पुढच्या बैठकीत आहे. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. उठा."

सर उठले नाहीत. गाडी निघाली. पहिल्या खड्ड्याला आईच्या तोंडून आवाज आला. तेव्हा पाहुणे उठले. "बसा मावशी," म्हणाले आणि नगर येईपर्यंत कुणाकडंही न बघता दांडा धरून उभे राहिले. आई सरांच्या शेजारी बसली. सर खिडकीला चिकटले आणि दोघांच्या मध्ये त्यांनी छत्री उभी ठेवली. आई अर्ध्याच बाकावर बसली होती. पाठ टेकली नाही. डॉक्टरांकडं पोचलो तेव्हा तिचे पाय थरथरत होते.

उतरताना तिघांनी सवयीनं आपले रुमाल माझ्या हातात ठेवले. एवढं होऊनही. सरांनी आपला बाकावर टाकला. मी चारही घेतले.

संध्याकाळी आईला म्हटलं, हे धुऊ नकोस. तिनं ऐकलं नाही. "घाण परत द्यायची न्हाई. आपल्या घरातनं गेलेली वस्तू सोच्छ जावी." मी बादली भरून दिली, एवढंच तिनं करू दिलं. नीळ टाकली. घड्या उशीखाली गेल्या. तिनं अंथरुणावर अंग टाकलं. मग म्हणाली, "छत्रीनं उचलला रं त्येनी." मला वाटलं होतं तिनं ते पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उलटा गेलो. पुढच्या चार जागांवर रुमाल टाकले नाहीत. भाजीची पाटी घेतलेल्या एका आजीला बसवलं, लेकरू कडेवर असलेल्या बाईला, काठीवाल्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या बायकोला. आजी बसेनात. "इथं साहेब बसत्यात," म्हणाल्या. दोन वर्षं त्या याच गाडीत उभ्या होत्या. मी त्यांना रोज बघत होतो आणि त्यांच्या समोर रुमाल टाकत होतो. हेही मला इथं लिहायलाच हवं.

कॉलनीत मंडळ चढलं. सरांनी बाकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी बसलेलो होतो. उठलो नाही. बसल्या जागेवरून चार घड्या पुढं केल्या.

"घ्या."

तिघांनी आपापला उचलला. सर म्हणाले, "ठेव तिथं."

"ठेवायला जागा नाही. हातानं घ्या. माझ्या आईनं धुतलेत सर. दोन वर्षं तीच धुते. रात्री उशीखाली ठेवून घडी बसवते. तुम्ही रोज त्यानंच तोंड पुसलंत."

सरांचा हात नकळत ओठांकडं गेला. तिथंच थांबला. रुमाल त्यांनी घेतला नाही.

बैठक झाली. ठराव मांडलाच गेला नाही. 'वर्तणुकीबाबत विचार व्हावा' असं कुणीतरी लिहून दिलं होतं. सचिवांनी मला कागद दाखवला. अक्षर सुंदर होतं. सरांची माफी मागितली तर पुढच्या बैठकीत बघू, असं ते म्हणाले. मी नाही म्हटलं. महिनाअखेरीस माझी मुदत संपते.

दसरा आठ दिवसांवर आहे. गाडीची पूजा होईल, कुटुंबावर भाषण होईल. हार या वर्षी कुणी आणायचे ते त्यांचं त्यांनी बघावं.

मी आता कॉलनीतच चढतो. जागा नसली तर उभा राहतो. मात्र रिकाम्या बाकावर रुमाल दिसला आणि समोर कुणी उभं असलं, तर तो रुमाल उचलतो. हातानं. नीट घडी घालतो, उभ्या माणसाला बसवतो आणि मालक चढला की त्याच्या हातात देतो. दोनदा शिवीगाळ झाली. एकदा माझी कॉलर धरली. काल पुन्हा उचलला.

सरांचा रुमाल माझ्या पिशवीत आहे. रोज सकाळी गाडीत मी तो त्यांच्यापुढं धरतो. ते बाहेर बघतात. मुदत संपली, वाचनालय सुटलं, तरी काम शोधायला मला नगरलाच यायचं आहे, आणि याच गाडीनं. ते जोवर हातानं घेत नाहीत, तोवर तो मी रोज त्यांच्यापुढं धरणार आहे.